ओरांगउटानांचे स्थलांतर आणि सोबत जाणारे जिवाणू

पूर्व सबाहमध्ये 1990च्या दशकात तेलताडाच्या लागवडीसाठी सखल प्रदेशातील जंगल झपाट्याने तोडले गेले. बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या या राज्यात तोड पुढे सरकली, तेव्हा नव्या मळ्यांच्या मधोमध झाडांचे लहान-लहान पुंजके तेवढे मागे राहिले आणि त्यांत ओरांगउटान अडकून पडले. फळे संपली की ते ताडाच्या कोवळ्या रोपांकडे वळत आणि मळेवाल्यांचा रोष ओढवून घेत. सबाहच्या वन्यजीव विभागाने त्यांना पकडून अन्यत्र हलवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भुलीचा बाण मारायचा, झाडाखाली जाळे धरून कोसळणारा प्राणी झेलायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि सुमारे 1200 चौरस किलोमीटर पसरलेल्या ताबिन अभयारण्यात नेऊन सोडायचा, अशी ही पद्धत होती.

या पकडापकडीतून विज्ञानाला एक दुर्मीळ संधी मिळाली. रानटी ओरांगउटानचे रक्त तपासायला मिळणे एरवी जवळपास अशक्य असते. 1996 ते 1998 या काळात स्थलांतरासाठी पकडलेल्या 84 रानटी ओरांगउटानांची संपूर्ण आरोग्यतपासणी करण्यात आली आणि माणसांच्या सहवासात वाढणाऱ्या 60 अर्धबंदिस्त ओरांगउटानांशी त्यांची तुलना झाली. अडेनोविषाणूविरुद्धची प्रतिपिंडे अर्धबंदिस्त गटात रानटी गटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक प्रमाणात आढळली. अडेनोविषाणू हा जिवाणू नव्हे. मात्र माणसाजवळ राहिलेला कपी माणसाचे आजार घेऊन जातो, हे अशा तुलनेतून स्पष्ट होते. विषाणूंच्या बाबतीत जे घडते तेच जिवाणूंच्या बाबतीतही घडते. किंबहुना काही जिवाणू शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहत असल्याने त्यांचा माग काढणे अधिक अवघड ठरते.

माणूस, कपी, माकडे आणि लेमूर यांचा समावेश ज्या वर्गात होतो त्याला प्राणिशास्त्रात नरवानर गण म्हणतात. शरीररचना, श्वसनसंस्था आणि रोगप्रतिकारशक्ती यांतील साम्यामुळे या गणातील आजार एका जातीतून दुसरीत सहज जातात. एखादे हरिण एका अभयारण्यातून दुसऱ्यात हलवताना जेवढा विचार करावा लागतो, त्याहून कितीतरी अधिक विचार ओरांगउटान किंवा चिंपांझी हलवताना करावा लागतो तो यामुळेच.

स्थलांतराचे तीन प्रकार

संवर्धनासाठी होणारे स्थलांतर एकाच साच्यातले नसते. पहिल्या प्रकारात, जिथे पूर्वी ती जात होती पण आता उरलेली नाही अशा जंगलात बंदिवासातून सोडवलेले प्राणी पुन्हा वसवले जातात. दुसऱ्यात, आधीपासून तेथे असलेल्या रानटी समूहाला बळ देण्यासाठी नवे प्राणी सोडले जातात. तिसरा प्रकार सबाहमधला, म्हणजे रानटी प्राणी एका रानातून उचलून थेट दुसऱ्या रानात नेणे. ओरांगउटानांच्या स्थलांतरातील रोगजोखमीचा आढावा घेणारा एक अभ्यास 2021मध्ये ‘फ्रंटियर्स इन व्हेटरिनरी सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हीच विभागणी असून प्रत्येक प्रकारातील धोका वेगळा असल्याचे दाखवण्यात आले आहे.

पुनर्वसन केंद्रातून येणारा प्राणी बहुधा पिल्लू असताना पकडलेला असतो. शिकारी आईला ठार करतात, पिल्लू विकले जाते आणि एखाद्या घरात माणसाच्या मुलासारखे वाढते. त्याच घरात कुणाला खोकला असेल तर तो त्यालाही होतो. पुढे सरकारी कारवाईत त्याची सुटका होते, तेव्हा केंद्रात पोचणारा तो प्राणी आजारांच्या दृष्टीने अर्धाअधिक माणूसच झालेला असतो.

ओरांगउटानच्या बोर्निओ, सुमात्रा आणि तापानुली या तिन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त गणल्या जातात. 2017मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेल्या तापानुली ओरांगउटानची संख्या 800हून कमी आहे. मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लाला जन्म देते. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या समूहात साथीने पाच-दहा प्राणी गेले तर ती हानी भरून यायला माणसाची एक पिढी जावी लागते.

क्षयरोग : चाचणीवरच प्रश्नचिन्ह

या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असलेला जिवाणू नवा नाही. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, म्हणजे माणसाच्या क्षयाचा जिवाणू, नरवानर गणाला पूर्वापार ग्रासत आला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ सी. आर. कार्पेंटर यांनी 1938मध्ये भारतातील ऱ्हीसस माकडे जहाजातून पोर्तो रिकोजवळच्या कायो सँतियागो या छोट्या बेटावर नेली. 409 माकडे तेथे सोडण्यात आली. प्रयोगशाळांत पोचणाऱ्या आयात माकडांत क्षयाचे प्रमाण इतके मोठे होते की, क्षयमुक्त माकडांची स्वतंत्र वसाहत उभारणे हा त्या उपक्रमाच्या उद्देशांपैकी एक होता. हे संवर्धन नव्हते, संशोधनासाठीचा पुरवठा होता. पण माकड हलवायचे तर क्षयाचा विचार आधी करायचा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

ऱ्हीसस माकडात क्षय झपाट्याने पसरतो आणि बहुधा प्राण घेतो. महाकपींत मात्र तो कित्येक महिने, कधी वर्षे सुप्त राहू शकतो. वजन किंचित घटते, भूक मंदावते, पण खोकला येईलच असे नाही. रानातल्या झाडावर तीस मीटर उंच बसलेल्या ओरांगउटानमध्ये ही लक्षणे कुणाच्या नजरेस पडणार?

म्हणून सारा भार चाचणीवर येतो आणि चाचणीच डळमळीत आहे. सर्वांत जुनी आणि स्वस्त चाचणी ट्युबरक्युलिनची. क्षयजिवाणूपासून तयार केलेल्या प्रथिनांचा अर्क त्वचेत टोचतात आणि 24, 48 व 72 तासांनी त्या जागेची सूज पाहतात. माकडांत ही सुई बहुधा वरच्या पापणीत दिली जाते, कारण तेथील सूज पिंजऱ्याबाहेरूनही दिसते. माकडांच्या बाबतीत चाचणी बऱ्यापैकी उपयोगी ठरली आहे. ओरांगउटानच्या बाबतीत मात्र तिने पशुवैद्यांना पुरते जेरीस आणले आहे. माती-पाण्यातील निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांशी संबंध आलेला, क्षय अजिबात नसलेला ओरांगउटानही या टोचणीला जोरदार प्रतिसाद देतो. दाट, दमट जंगलात राहणाऱ्या प्राण्याचा अशा जिवाणूंशी संबंध येणारच. त्यामुळे सूज आली म्हणजे क्षय आहे असे म्हणता येत नाही.

उलट चूकही तितकीच शक्य असते. संसर्ग होऊन थोडेच आठवडे झाले असतील तर शरीराने अद्याप प्रतिसाद उभारलेला नसतो. आजार फार बळावला असेल तर प्रतिकारशक्तीच खचलेली असते आणि सूज येत नाही. सर्वाधिक रोगट प्राणी चाचणीत निर्दोष ठरू शकतो, ही या पद्धतीची सर्वांत धोकादायक बाजू. यावर उपाय म्हणजे चाचणी पुन्हा पुन्हा करणे. अमेरिकेत आयात होणाऱ्या माकडांना किमान 31 दिवस विलगीकरणात ठेवावे लागते आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने लागोपाठ तीन चाचण्या नकारार्थी यावी लागतात, तो नियम याच अनुभवातून आला.

आता रक्तातील प्रतिसाद मोजणाऱ्या चाचण्या आहेत, प्रतिपिंडे दाखवणाऱ्या पट्ट्या आहेत, छातीची क्ष-किरण तपासणी आहे. भूल देऊन श्वासनलिकेतील किंवा जठरातील द्रव काढता येतो आणि जनुकीय यंत्रावर काही तासांत तपासता येतो. जिवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, पण त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. अनुभवी पशुवैद्य एका चाचणीवर विसंबत नाहीत. तीन-चार वेगवेगळे पुरावे एकत्र ठेवून निर्णय घेतात आणि तरीही त्यात काही अंदाज उरतोच.

निर्णयाची किंमत मोठी असते. चुकून ‘क्षयग्रस्त’ ठरलेला निरोगी प्राणी आयुष्यभर पिंजऱ्यात अडकतो. चुकून ‘निरोगी’ ठरलेला रोगी प्राणी रानात जातो. प्रयोगशाळांच्या वसाहतींत क्षय आढळलेले माकड बहुधा मारले जाते, कारण तेथे कळप वाचवणे महत्त्वाचे असते. अतिसंकटग्रस्त कपीच्या बाबतीत तो मार्ग सहसा स्वीकारला जात नाही. त्याला स्वतंत्र ठेवून किमान सहा महिने एकाहून अधिक औषधे द्यावी लागतात. कडू गोळ्या रोज फळात, मधात किंवा रसात दडवून खाऊ घालाव्या लागतात. ओरांगउटान हा चवीच्या बाबतीत भोळा प्राणी नाही आणि एकेक मात्रा चुकणे म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूला वाट करून देणे. माणसाच्या क्षयोपचारातली नियमिततेची जुनी अडचण येथे पिंजऱ्याच्या गजांतून पुन्हा समोर येते.

क्षय येतो तो माणसाकडून. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि रुग्णसंख्येत भारतापाठोपाठ इंडोनेशियाचा क्रम लागतो. ओरांगउटानची बहुतेक वस्ती इंडोनेशियातच आहे. केंद्रांत पिल्लांना दूध पाजणारे, पाठीवर घेऊन हिंडणारे कर्मचारी आसपासच्या गावांतलेच असतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांची नियमित क्षयतपासणी, मुखपट्टी आणि खोकला असताना कामावर न येण्याची मुभा या साध्या गोष्टी महागड्या यंत्रांइतक्याच मोलाच्या ठरतात. पगारी रजेशिवाय ती मुभा कागदावरच राहते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

मातीतला शत्रू

सगळेच जिवाणू माणसाकडून येत नाहीत. आग्नेय आशियाच्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय नावाचा जिवाणू राहतो. त्यामुळे होणारा आजार म्हणजे मेलिऑइडोसिस. ब्रिटिश वैद्यक आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनमधील रुग्णांत त्याचे पहिले वर्णन 1912मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केले. भारतातही हा आजार आहे. विशेषतः कर्नाटकाच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. क्षयासारखाच दिसत असल्याने त्याचे निदान चुकण्याचा संभव मोठा असतो.

बोर्निओतील पुनर्वसित ओरांगउटान या आजाराने दगावल्याच्या नोंदी आहेत. जिवाणू जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शिरतो. फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत गळवे होतात आणि काही वेळा रक्तात विष पसरून प्राणी थोड्याच दिवसांत जातो. काही वेळा मात्र जिवाणू वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. पेनिसिलीनसारखी नेहमीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. माणसात सुरुवातीला शिरेवाटे सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर सुमारे तीन महिने कोट्रायमोक्साझोल असा लांबलचक उपचार करावा लागतो. साठ-सत्तर किलोच्या नराला दिवसातून कित्येकदा शिरेवाटे औषध देणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

रानातला ओरांगउटान बहुतांश आयुष्य झाडावर काढतो. केंद्रातल्या पिल्लांचा वावर मात्र जमिनीवर अधिक असतो. चढायला, घरटे बांधायला, खाद्य ओळखायला शिकवणाऱ्या ‘रानशाळे’तही ती कर्मचाऱ्यांभोवती मातीतच घोटाळत असतात. मातीशी आलेला हा जास्तीचा संबंध मेलिऑइडोसिसची शक्यता वाढवू शकतो. म्हणजे जी जागा रानासाठी तयार करते तीच एका वेगळ्या आजारालाही तोंड उघडून देते. या बाबतीत केंद्रांना दोष देणे अन्यायाचे होईल. अनाथ पिल्लांना उंच झाडावर वाढवणारी आई उपलब्ध नसते.

ताण, घशातली पिशवी आणि नाकातला जिवाणू

काही आजार बाहेरून येतच नाहीत. ते आधीपासून असतात आणि प्रवासात उसळतात. माकडांच्या आतड्यात शिगेला हा आमांशाचा जिवाणू लक्षणाविना राहू शकतो. पकडण्याची धावपळ, भूल, अंधाऱ्या पेटीतला प्रवास, अनोळखी खाद्य आणि कळपापासूनची ताटातूट यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की तोच जिवाणू रक्तमिश्रित जुलाब घडवतो. विलगीकरणात निरोगी दिसणारे माकड नव्या जागी आठवड्याभरात आजारी का पडते, याचे एक उत्तर हे आहे. औषधे देऊन शिगेला काबूत आणता येतो. पण ताण कमी न करता नुसती प्रतिजैविके देत राहिल्यास काय होते, ते पुढच्या उदाहरणावरून दिसेल.

ओरांगउटानच्या गळ्यापासून छातीपर्यंत पसरलेली एक हवेची पिशवी असते. प्रौढ नराच्या लांब हाकेशी तिचा संबंध जोडला जातो. नाक आणि सायनसचा संसर्ग वाहत तिच्यात उतरतो, पू साचतो आणि तेथून तो फुप्फुसात जातो. बंदिवासातील ओरांगउटानांचा हा जुनाट आजार पुनर्वसन केंद्रांनाही छळतो. पूमध्ये बहुधा एकच जिवाणू सापडत नाही. ई-कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास असे अनेक एकत्र नांदतात. प्रत्येक वेळी औषध दिले की थोडे बरे वाटते, मग पुन्हा सुरू. अशा चक्रात अडकलेल्या प्राण्याला दूरच्या जंगलात सोडणे म्हणजे त्याला औषधाविना सोडणे.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न आफ्रिकेत अधिक ठळकपणे पुढे आला. युगांडा आणि झांबियातील अभयकेंद्रांत ठेवलेल्या चिंपांझींच्या तपासणीत निम्म्याहून अधिक प्राण्यांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडला. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यातील अनेक प्रकार माणसाकडून आलेले आणि काही एकाहून अधिक औषधांना दाद न देणारे निघाले. चिंपांझी आजारी नव्हते. ते केवळ वाहक होते. क्षयाच्या किंवा कावीळीच्या चाचणीत ते निर्दोष ठरले असते आणि सोडण्यास योग्य असा शिक्का त्यांच्यावर बसला असता. असे प्राणी रानटी समूहात मिसळले तर रुग्णालयांत तयार झालेले जिवाणू दुर्गम रानात पोचतील, असा इशारा संशोधकांनी दिला.

तो धोका काल्पनिक नाही, हे आयव्हरी कोस्टमधील ताई राष्ट्रीय उद्यानाने दाखवून दिले आहे. तेथील रानटी चिंपांझींमध्ये 1999 ते 2006 दरम्यान श्वसनविकारांच्या जीवघेण्या साथी आल्या. माणसात सर्दी-खोकला घडवणारे विषाणू त्यांच्यात शिरले होते आणि पाठोपाठ न्यूमोकॉकस या जिवाणूने न्यूमोनिया घडवला. तेथे एकही चिंपांझी स्थलांतरित नव्हता. संशोधकांचा आणि माणसांचा शेजार तेवढा पुरला.

एक जुना निर्णय

इंडोनेशियात ओरांगउटानांचे पुनर्वसन 1970च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. उत्तर सुमात्रातील केताम्बे आणि बोहोरोक, बोर्निओतील तांजुंग पुतिंग ही त्यांतली आद्य केंद्रे. त्या काळी सुटका झालेला प्राणी जवळच्या जंगलात सोडणे हाच सरळ उपाय वाटे. त्या जंगलांत रानटी ओरांगउटान होतेच. केताम्बे येथील कामात आघाडीवर असलेले डच शास्त्रज्ञ हर्मन रिक्सेन पुढे याच पद्धतीचे कठोर टीकाकार झाले. पाळीव म्हणून वाढलेल्या प्राण्याचे आजार रानटी समूहाला लागण्याचा धोका हा त्यांच्या आक्षेपांतला प्रमुख मुद्दा होता.

1995मध्ये इंडोनेशियाच्या वनमंत्रालयाने आदेश काढून, जिथे रानटी ओरांगउटान आहेत अशा जंगलात बंदिवासातून आलेले ओरांगउटान सोडण्यास मनाई केली. त्यानंतरचे कार्यक्रम रानटी समूह नसलेल्या जंगलांकडे वळले. सुमात्रात मेदानजवळ 2002मध्ये विलगीकरण केंद्र उभे राहिले आणि तेथे तपासलेले प्राणी जांबीमधील बुकित तिगापुलुह तसेच आचेमधील जांथो येथे सोडले जाऊ लागले. बोर्निओत मध्य कालिमंतानच्या बुकित बातिकाप आणि पूर्व कालिमंतानच्या केहजे सेवेन या जंगलांत 2012पासून प्राणी सोडण्यात येत आहेत. बोहोरोकने नवे प्राणी घेणे 1990च्या दशकात थांबवले. बुकित लावांग या त्या गावी पर्यटक मात्र आजही येतात आणि पूर्वी सोडलेल्या, माणसाला न बुजणाऱ्या ओरांगउटानांच्या फार जवळ जातात.

आदेशाने पहिल्या दोन प्रकारांचा प्रश्न बराच मार्गी लावला. तिसऱ्याचा नाही. मळ्यात अडकलेला रानटी ओरांगउटान कुठेतरी न्यावाच लागतो आणि जिथे न्यायचा तिथे बहुधा दुसरे रानटी ओरांगउटान असतात. रोग तपासायचा तर त्याला थांबवून ठेवले पाहिजे. त्वचाचाचणीला तीन दिवस, ती पुन्हा करायला काही आठवडे, जिवाणू वाढवून पाहायला त्याहून अधिक. एवढे दिवस त्याला ठेवायचे कुठे? सोय असते ती पुनर्वसन केंद्रात, म्हणजे ज्या आजारांपासून तो आजवर दूर होता त्यांच्याच शेजारी. न थांबवता हलवला तर त्याच्या अंगातले काय सोबत गेले ते कळत नाही. थांबवला तर नवे काही जडण्याची भीती. पशुवैद्य बहुधा मधला मार्ग निवडतात. भुलीखाली असतानाच रक्त, लाळ आणि विष्ठेचे नमुने घेणे, डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांची तपासणी करणे आणि प्राणी धडधाकट दिसत असेल तर त्याच दिवशी, शक्य तितक्या जवळच्या जंगलात सोडणे. नमुन्यांचे निष्कर्ष येतात तेव्हा तो प्राणी हाताबाहेर गेलेला असतो. पण पुढच्या वेळी त्या भागात कोणते जिवाणू आहेत हे तरी माहीत असते. सबाहमधील 84 ओरांगउटानांच्या तपासणीचे मोल इथे आहे.

अडकलेला प्राणी हलवण्याऐवजी त्या पुंजक्याला जंगलाशी जोडणारा हिरवा पट्टा राखला तर यातले बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत, असा आग्रह अलीकडे अनेक संवर्धक धरतात. तो योग्य वाटतो, मात्र त्यासाठी मळ्याच्या मालकाने जमीन सोडावी लागते.

भारतातील चित्र

भारतात महाकपी नाहीत. येथील एकमेव कपी म्हणजे ईशान्येतील हूलॉक गिबन. अरुणाचल प्रदेशातील लोअर दिबांग खोऱ्यात डेल्लो गावाभोवती शेतीमुळे जंगल तुटले आणि गिबनांची कुटुंबे मोजक्या झाडांवर अडकली. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे त्यांना स्वतःहून बाहेर पडणे शक्य नव्हते. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि राज्य वनखाते यांनी 2011पासून त्यांना पकडून मेहाओ अभयारण्यात हलवण्यास सुरुवात केली. सबाहमधील परिस्थितीचीच ही छोटी आवृत्ती म्हणावी लागेल.

भारतातले मोठे आकडे मात्र माकडांचे आहेत आणि हेतूही बहुधा संवर्धनाचा नसतो, उपद्रव कमी करण्याचा असतो. 1997च्या जानेवारीत वृंदावनातील 600 ऱ्हीसस माकडे मथुरा जिल्ह्यातीलच वनक्षेत्रांत हलवण्यात आली होती. दिल्लीत उच्च न्यायालयाच्या 2007मधील आदेशानंतर हजारो माकडे असोला भाटी अभयारण्यात नेऊन सोडली गेली. कोकणातले बागायतदार माकडे आणि वानरे पकडून दूर सोडावीत अशी मागणी वर्षानुवर्षे करत आहेत. त्यांचे नुकसान खरे आहे आणि मागणी समजण्यासारखी आहे.

परंतु देवळाच्या पायऱ्यांवर, रेल्वे स्थानकात आणि कचराकुंडीपाशी वाढलेले माकड माणसाच्या हातचे, माणसाच्या उष्ट्याचे खात असते. नेपाळसह आशियातील काही देशांत माणसांलगत राहणाऱ्या माकडांच्या तोंडातील नमुन्यांत क्षयजिवाणू गटाचे अंश सापडले आहेत. बांगलादेशात पकडलेल्या ऱ्हीसस माकडांत मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा गुरांमध्येही आढळणारा क्षयजिवाणू मिळाला आहे. शहरी माकड ज्या रानात सोडले जाते तेथे त्याच जातीचे रानटी कळप असू शकतात, शेजारी गावांची गुरे चरत असतात आणि दक्षिणेत सिंहपुच्छ माकडासारख्या दुर्मीळ जातीही असतात.

उपद्रवी माकडांच्या स्थलांतरात पकडणे आणि सोडणे यांत अनेकदा एखाद-दुसऱ्या दिवसाचे अंतर असते. पिंजरे भरले की गाडी निघते. पापणीत टोचलेल्या ट्युबरक्युलिनचा अखेरचा निकाल 72 तासांनी वाचायचा असतो.